वेढ्याच्या आतला जावई

इस्साका ग्रुन्शी मागणी घालायला गेला तेव्हा होणाऱ्या सासूनं एकच प्रश्न विचारला होता, आणि तोही त्याला नाही, शेजारी बसलेल्या आपल्या भावाला.

"हा भिंतीच्या आतला की बाहेरचा?"

आमच्या कुमासी शहरात हा प्रश्न कुणाला उलगडून सांगावा लागत नाही. भिंत म्हणजे बाजाराच्या वरच्या अंगाला उभा असलेला गोऱ्यांचा दगडी किल्ला. एकोणीसशे साली गोऱ्या इंग्रज गव्हर्नरानं आमचं सोन्याचं आसन, ज्यावर आमचा राजासुद्धा कधी बसत नाही, ते मागितलं, तेही स्वतःला बसायला, आणि आमच्या अशांती जमातीचा माणूस न् माणूस पेटून उठला. राजाला त्यांनी आधीच समुद्रापारच्या बेटावर नेऊन ठेवलं होतं, तेव्हा जवळच्या एजिसू गावच्या राजमातेनं लढाई हाती घेतली आणि किल्ल्याला वेढा पडला. आत गव्हर्नर, त्याची बायको, पाद्री आणि उत्तरेकडचे भरती केलेले काळे शिपाई. बाहेर आम्ही. इस्साकाचा आजा त्या आतल्या शिपायांमधला.

"आतला," तिच्या भावानं, मामा ओडुरोनं, खरं तेच सांगितलं.

सासू उठली. तिचं नाव आद्वोआ बिरागो, पण सगळी गल्ली तिला एनो म्हणायची. कुणाची आई असो नसो, वडीलधाऱ्या बाईला एनोच म्हणतात. तिनं अंगावरचं कापड झटकलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. नाही म्हणाली नाही, कारण तिच्या लेकीला, तिवाला, दिवस गेले होते. हो मात्र ती त्यानंतरही कित्येक वर्षं म्हणाली नाही.

लग्न झालं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिवा आईच्याच घरी राहिली आणि इस्साका झोंगोत, उत्तरेकडच्या मुसलमानांच्या वस्तीत, आपल्या बापाच्या खोलीत. संध्याकाळ झाली की तिवा रांधायची आणि डोक्यावर झाकलेली वाटी घेऊन कुणीतरी ते जेवण झोंगोत पोचवायचं. पुढे मुलगी चालायला-बोलायला लागली तशी ती वाटी तिच्या डोक्यावर आली. मुलीला दोन नावं होती. बापाच्या घरी ती रमातू, आजीच्या घरी अकुआ. वाटेत मशिदीजवळ ओढा लागायचा, तिथं तिचं नाव बदलायचं, असं इस्साका गमतीनं म्हणायचा.

तो फौजेत होता. आजा शिपाई, बाप शिपाई, मग हा आणखी काय होणार? शांतिसेनेबरोबर लेबनॉनला गेला, तिथं जीप उलटली, पाय मोडला. हाड जुळलं पण वाकडं जुळलं. कवायतीचा माणूस कवायतीला निरुपयोगी झाला, तेव्हा सार्जंटच्या फिती तशाच ठेवून त्याला किल्ल्यातल्या फौजी संग्रहालयात पाठवलं. लोकांना फिरवायचं आणि माहिती सांगायची.

सुरुवातीला त्याला ते कमीपणाचं वाटलं. आपण काय म्हाताऱ्या तोफा पुसायच्या? पण महिन्याभरात त्याला गोडी लागली. त्याचा आवाज भरदार होता, इथली ट्वी भाषा तो उत्तरेकडच्या हौसा बोलीच्या वळणानं बोलायचा, त्यामुळे साधं वाक्यही गाण्यासारखं लागायचं. एका खोलीत इटालियनांकडून जिंकून आणलेल्या बंदुका, दुसऱ्या खोलीत ब्रह्मदेशातल्या जंगलातून आलेल्या जपानी तलवारी, भिंतींवर शिपायांचे फोटो, पदकं, फाटकी निशाणं. पण सगळं संपवून तो लोकांना अंगणात आणायचा, बुरुजाकडे हात करायचा आणि वेढ्याची गोष्ट सांगायचा. ती त्यानं पुस्तकातून घेतलेली नव्हती. आज्यानं बापाला, बापानं त्याला सांगितलेली. पाऊस कसा कोसळत होता, दाणागोटा कसा संपला, मशीनगनवरच्या माणसाला झोप कशी अनावर व्हायची. लोक श्वास रोखून ऐकत. गोष्टीत तो "आपण" आणि "शत्रू" असे शब्द वापरायचा. आज्याच्या तोंडचेच ते. त्यात काही वावगं आहे असं त्याच्या कधी मनातसुद्धा आलं नाही.

मग एके दिवशी अकुआच्या शाळेची सहल किल्ल्यावर आली.

पोरगी बापाचा रुबाब बघून फुलून गेली. खाकी, चकाकणारे बूट, हातात छडी. घरी जाऊन तिनं आजीपुढे सगळं करून दाखवलं. छडीच्या जागी उलथनं. "शत्रू झाडांमागे लपला होता! शत्रूनं आपली वाट अडवली!"

आजी फुफूसाठी उकडलेले कंद कुटत होती. तिचं मुसळ थांबलं.

"कोण शत्रू गं?"

"बाहेरचे, एनो. किल्ल्याच्या बाहेरचे."

"म्हणजे माझी आई," एनो म्हणाली. मग पुन्हा कुटायला लागली, पण त्या दिवशीचा फुफू गुठळ्यांचा झाला असं तिवा सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्साका किल्ल्यावर पोचला तर दरवाजासमोर, रस्त्याच्या कडेला, सासूबाई चूल मांडून बसलेल्या. लोखंडी जाळी, कोळसे, टोपलीत पिकली मोठी केळी, बाजूला भाजलेले शेंगदाणे. ती आयुष्यभर बाजारात केळी भाजून विकत आली होती, तेव्हा धंदा नवा नव्हता. फक्त जागा नवी होती.

"एनो, इथं कशा?"

"का, किल्लेदार? रस्ता पण तुमचाच का?"

किल्लेदार हा तिचा ठेवणीतला शब्द. तोंडासमोर ती जावयाला नावानं हाक मारत नसे.

त्या दिवसापासून किल्ल्याला दोन गाइड झाले. एक पगारी, दरवाजाच्या आत. एक बिनपगारी, बाहेर. लोक आत जाण्याआधी हमखास केळं घ्यायला थांबत. केळं भाजायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात एनो आपल्या आईची गोष्ट सांगून मोकळी. तिची आई तेव्हा लहान मुलगी होती. मोर्चांवरच्या पुरुषांना जेवण पोचवणाऱ्या बायकांबरोबर जायची. आडवे ओंडके रचून, मागे मातीचा बांध घालून कसे मोर्चे उभारले, नगारे कसे वाजत, आणि त्या बुरुजावरून मशीनगन सुरू झाली की पानं कशी गळून पडत. "वारा नसताना पानं पडायला लागली की आई ओळखायची, आणि मातीवर पालथी व्हायची," असं म्हणून ती चिमट्यानं केळं उलटायची.

परिणाम असा झाला की इस्साकानं आत "शत्रू" म्हटलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "पण सार्जंट, ती बाहेरची आजी तर म्हणते..."

"ती माझी सासू आहे," इस्साका सांगायचा. लोक खो खो हसायचे. हशात गोष्टीचा बेरंग व्हायचा.

झोंगोतही बातमी पोचली. नमाजानंतर लोक त्याला छेडू लागले. "काय सार्जंट, पुन्हा वेढा पडला म्हणे किल्ल्याला?"

"पडला. आणि ह्या खेपेला दाणागोटाही त्यांच्याकडेच आहे," इस्साका म्हणायचा, पण आतून तो वैतागला होता.

किल्ल्यावरचा अधिकारी कॅप्टन अग्बेको पूर्वेकडचा, एवे जमातीचा माणूस. दोन्ही बाजूंशी त्याचं देणंघेणं नव्हतं. महिनाभर त्यानं ही गंमत बघितली. मग वरून कुणीतरी मोठा पाहुणा येणार म्हणून साफसफाई सुरू झाली आणि त्यानं इस्साकाला बोलावलं. "सार्जंट, धुराचा त्रास होतो. त्या बाईंना जरा पलीकडे बसायला सांगा. मी सांगण्यापेक्षा तुम्हीच सांगितलेलं बरं, घरचेच आहात."

घरचे असल्यामुळेच ते सांगणं किती अवघड, हे कॅप्टनला कळायचं काही कारण नव्हतं. इस्साका लंगडत बाहेर आला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. शेजारी संत्री सोलून विकणारी एक बाई तेवढी डुलक्या घेत होती.

"एनो, साहेब म्हणतात इथं धूर होतो."

"वेढ्यात धूर व्हायचाच."

"चेष्टा नाही. पलीकडे वडाच्या सावलीत बसा ना. मी टोपली नेतो."

"म्हणजे आत जाताना लोकांना तुझीच गोष्ट ऐकू येईल." तिनं चिमटा खाली ठेवला. "एक सांग मला, किल्लेदार. इतकी वर्षं विचारीन म्हणते. तुझा आजा कुठला कोण, इथून शेकडो कोसांवरचा. आम्ही त्याचं काय घोडं मारलं होतं, म्हणून तो आमच्या आयाबहिणींवर गोळ्या झाडायला त्या बुरुजावर चढला?"

ऊन होतं, पाय ठणकत होता, आणि महिनाभराची चेष्टा पोटात साठलेली होती. जे कधी बोलायचं नाही ते इस्साका बोलून गेला.

"विकत घेतलं होतं तुम्ही त्याला! सालागाच्या गुलामांच्या बाजारात, कोलाच्या बियांच्या टोपल्या मोजून. पोर होता पोर. तुमच्याच कुणाच्या तरी शेतात राबला, मार खाल्ला, पळाला. पळून जाणार कुठं? गोऱ्यांनी बंदूक दिली, खायला दिलं. त्याला काय गोऱ्यांचं प्रेम उतू चाललं होतं?"

संत्रीवाली खडबडून जागी झाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

आमच्यात कोण मुळात कुठून आला हे बोलायचं नाही. जुन्या राजांचा तो दंडक आहे, आणि राजे गेले तरी तो गेलेला नाही. माणूस घरात आला की घरचा. जाळीवरचं केळं करपून काळं झालं तरी एनोनं ते उलटलं नाही. मग कोळशांवर पाणी ओतलं, टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या उतारानं निघून गेली.

त्या संध्याकाळी झोंगोत वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इस्साका नाक्यावरच्या बाईकडून वाकये, म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात, आणून खाऊ लागला. तो पोटभर खायचा आणि तरी उपाशी असल्यासारखा चिडचिड करायचा. शेवटी तिवा स्वतः आली, हात हलवत.

"लाज वाटली नाही?" ती दारातच उभी राहिली. "उद्या पोरीला शाळेत गुलामाची पणती म्हणतील."

"आहेच ती. मी लपवू का?"

"लपवू नकोस. पण भररस्त्यात फेकूही नकोस. आई जेवत नाहीये. नुसती बसून असते. तू जणू तिला गोळी घातलीस, अशी बघते सगळ्यांकडे."

हे मात्र इस्साकाला लागलं. त्यानं स्वतःला विचारून पाहिलं, की मी बोललो ते खोटं होतं का? नव्हतं. मग मला कशाची टोचणी? किल्ल्यावर तो गोष्ट सांगायचा, पण "शत्रू" शब्दापाशी आला की जीभ अडखळायची. बाहेर आता कुणी नव्हतं, कुणी उलटून विचारत नव्हतं, आणि गोष्ट त्याला स्वतःलाच अर्धवट वाटत होती.

तो मामा ओडुरोकडे गेला. माफी मागायची तर मधे वडीलधारा माणूस लागतो, आणि हातात बाटली लागते. बाटलीशिवाय अशांती म्हातारा मध्यस्थीला गुडघा मोडून बसत नाही. तेव्हा हा पाच वेळा नमाज पढणारा माणूस वर्तमानपत्रात विलायती दारूची बाटली गुंडाळून, ती बगलेत लपवून, मशिदीसमोरून घाईघाईनं चालला. दोघा-तिघांनी पाहिलंच. एकानं विचारलं, "सार्जंट, औषध का?"

"सासूचं," इस्साका म्हणाला.

सोबत रीतीप्रमाणे समेटाची अंडीही घेतली होती. एनो अंगणात स्टुलावर बसली होती. मामा ओडुरोनं रीतसर बोलणं सुरू केलं. जावई चुकला, जीभ घसरली, वयानं लहान आहे. इस्साकाचे केस तेव्हा पांढरे होऊ लागले होते. एनोनं हात वर करून भावाला थांबवलं.

"जीभ घसरली नाही त्याची. खरं बोलला तो. आत ये, इस्साका. बस."

त्याला तिच्या तोंडून आपलं नाव ऐकायची सवय नव्हती. तो खालीच, जमिनीवर बसला.

"कोण कुठून आलं ते विचारायचं नाही, असं का म्हणतात ठाऊक आहे?" ती म्हणाली. "विचारलं तर अर्धं घर रिकामं होईल. माझ्या आईला जिनं वाढवलं, तिच्या गालांवर वण होते. तुमच्याकडे लहानपणी सुरीनं घालतात तसले. आम्ही तिला आजीच म्हणायचो. गाव कुठलं विचारलं की हसायची. वेढ्यात कंद उकडून तीच मोर्चावर न्यायची, माझी आई तिचा पदर धरून. किल्ल्यातून गोळी आली ती तिच्या मांडीतून गेली. जन्मभर लंगडत होती. तुझ्यासारखीच, डाव्या पायानं."

एनोनं स्टूल जरा त्याच्याजवळ ओढलं.

"कुणाची गोळी, देव जाणे. मी पोरींना सांगत आले की गोऱ्यांची. गोरे होते किती तिथं? बंदुका तर तुमच्याच लोकांच्या हातात. तिच्याच गावचा कुणी असेल. ती कधी बोलली नाही. तू परवा बोललास, तेव्हा मला वाटलं, बापरे, तिच्या मनात हे असणार, आणि आम्ही खुशाल तिच्या मांडीवर बसून गाणी म्हणत होतो."

मग तिनंच इस्साकाला विचारलं, "आत काय खात होते रे?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक मशीनगनबद्दल विचारत. "शिपायांना बिस्किटं होती, मोजून," तो म्हणाला. "त्यांच्या बायकापोरांना तीही नाहीत. किल्ल्यात जागा नव्हती, ती भिंतीलगत बाहेरच पडून असायची. उंदीर खाल्ले, गवत उकडून खाल्लं. माझ्या आजीचं एक तान्हं होतं, बापाच्या आधीचं. दूध आटलं. भिंतीशीच पुरलं त्याला. पुढे वेढा उठल्यावर तिनं शोधलं, पण जागा सापडली नाही. आता तिथं म्युझियमची हिरवळ आहे."

"हे तू लोकांना सांगतोस?"

"नाही."

"का?"

"ते लढाईतलं नाही, म्हणून."

"अरे मूर्खा," एनो म्हणाली. हे इतक्या वर्षांत तिच्या तोंडून निघालेलं सगळ्यात मायेचं वाक्य होतं. मग तिनं बाटली उघडायला सांगितली, जमिनीवर थोडी पूर्वजांना ओतली, उरलेली मामा ओडुरोच्या हवाली केली, आणि त्या संध्याकाळी अकुआ डोक्यावर वाटी घेऊन बापाबरोबरच झोंगोत आली.

पुढच्या आठवड्यात एनो किल्ल्यावर आली, चूल न घेता. नवीन कापड नेसून, डोक्याला रुमाल बांधून. दारावरच्या शिपायानं सवयीनं तिकीट विचारलं.

"माझ्या आईनं आगाऊ देऊन ठेवलंय," ती म्हणाली आणि त्याच्या अंगावरून सरळ आत गेली. कॅप्टन अग्बेको व्हरांड्यात होता. तो उठून उभा राहिला, पण मधे पडला नाही.

इस्साकानं तिला खोल्या दाखवल्या. तलवारींत तिला रस नव्हता. फोटोंपुढून ती भराभर गेली. हिरवळीशी मात्र थांबली आणि पायातल्या चपला काढून कडेनं चालली. मग म्हणाली, "वर ने."

बुरुजाचा जिना अरुंद आणि उभा. एकाचा पाय वाकडा, दुसरीचे गुडघे गेलेले. वर पोचायला दोघांना बराच वेळ लागला. मशीनगनच्या जागेशी, दगडातल्या फटीशी, तिनं डोळा लावला. खाली पत्र्यांची छपरं, प्रवाशांनी भरलेल्या ट्रो-ट्रो गाड्यांचे भोंगे, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका.

"मोर्चा कुठं होता?"

इस्साकानं बोट दाखवलं. "त्या निळ्या छपराच्या अलीकडे."

निळ्या छपराखाली एक बाई पोराला न्हाऊ घालत होती. पोर साबण डोळ्यांत गेल्यामुळे भोकाड पसरत होतं. तोंड वासलेलं इथूनही दिसत होतं.

"एवढ्या जवळून?" एनो म्हणाली. "मला वाटायचं लांब असेल. आईच्या गोष्टीत ते फार लांब होतं. इथून तर चेहरे दिसत असतील रे त्यांना."

इस्साका इतकी वर्षं लोकांना तिथं आणत होता. गोळीचा पल्ला सांगत होता. त्या छपराकडे त्यानं असं कधी पाहिलंच नव्हतं. आपल्या आज्याला मशीनगनवर झोप अनावर व्हायची, ही गोष्ट तो हसत हसत सांगायचा. आता त्याला प्रथमच वाटलं, की माणूस जागा राहण्यापेक्षा डोळे मिटणं पत्करत असेल. पण तो हे सासूला बोलला नाही. खात्री नव्हती, आणि आज्याला सोयीची ठरेल अशी गोष्ट तिच्यापुढे मांडायची त्याला लाज वाटली. त्यानं नुसता तिला उतरताना हात दिला, आणि तिनं तो धरला.

त्यानंतर त्याच्या सांगण्यातून "शत्रू" गेला. "आतले" आणि "बाहेरचे" एवढेच शब्द राहिले. हिरवळीपाशी तो लोकांना थांबवायचा आणि तान्ह्या पोराचं सांगायचा. काही लोकांना ते आवडायचं नाही. त्यांना तोफा हव्या असत. एका निवृत्त मेजरनं तक्रारही केली की हा सार्जंट फौजेच्या म्युझियममध्ये बायकांच्या रडकथा सांगतो. कॅप्टननं ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. पुढे त्या कॅप्टनची बदली झाली. एनो पुन्हा दरवाजासमोर बसू लागली. आता लोक विचारत, "आजी, आत काय आहे?" तर ती म्हणे, "माझा जावई आहे. फार बोलतो. पण ऐका."

ती गेली त्या वर्षी पाऊस लांबला होता. आजारपण फार नव्हतं. दुपारी आडवी झाली ती उठली नाही. अंत्यविधी मोठा झाला, लाल-काळ्या कापडांनी गल्ली भरून गेली. जावयानं मृताच्या अंगावर घालायला वस्त्र आणायचं असतं. इस्साका उत्तरेला, आज्याच्या मुलखात, आयुष्यात पहिल्यांदा जाऊन आला आणि तिथल्या मागावरचं निळं-पांढरं जाड पट्ट्यांचं कापड घेऊन आला. घरातल्या म्हाताऱ्या बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. हे शिपायांचं कापड, हे आमच्या पेटीत कसं चालेल? सगळे मामा ओडुरोकडे बघू लागले. तो आता फार थकला होता. त्यानं ते कापड हातात घेतलं, बोटांनी चाचपलं.

"उबदार आहे," तो म्हणाला. "पायाशी घाला. तिचे पाय गार पडायचे."

चाळीस दिवस झाल्यावर इस्साका कामावर परतला. सकाळी लवकरच पोचला. संत्रीवाली बाई एनोच्या जागी, दरवाजासमोर, बसली होती. त्याला बघून ती ओशाळली, उठायला लागली. त्यानं तिला बस म्हटलं, एक संत्रं सोलून घेतलं आणि तिथंच कठड्यावर बसून, सावकाश, बिया हातात थुंकत ते खाल्लं. उतारावरून शाळेच्या पोरांची रांग वर येत होती. संत्रीवालीनं विचारलं, "आज गोष्ट सांगणार ना, सार्जंट?"

"बघू," तो म्हणाला, हात रुमालाला पुसले आणि दरवाजा उघडायला गेला.